प्रकाशाने मऊ होणारं जेल: सहा महिने वापरल्यावर

प्लास्टिकच्या डिशचा ताठरपणा गिगापास्कलमध्ये मोजतात, मेंदूच्या ऊतीचा जेमतेम एक किलोपास्कल (एक गिगापास्कल म्हणजे दहा लाख किलोपास्कल). अशा डिशमध्ये पेशी वाढवून त्यांना बळ कसं जाणवतं ते तपासायचं, हे मला कायम खटकायचं. एंग्लर आणि डिशर या संशोधकांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की त्याच मूळपेशी मऊ जेलवर चेतापेशींकडे, मध्यमवर स्नायूकडे आणि कडक जेलवर हाडाकडे झुकतात. पण तिथे दर ताठरपणाला वेगळं जेल, वेगळ्या पेशी. मला एकाच पेशीच्या पायाखालची जमीन बदलायची होती.

म्हणून हे तयार किट घेतलं. पीईजी या पॉलिमरचं जेल, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला की त्याच्या साखळ्यांमधले जोड तुटतात आणि ते मऊ होतं. यॅप हे प्रथिन पायाखालचा पृष्ठभाग कडक असला की पेशीच्या केंद्रकात जातं, मऊ असला की बहुतांशी बाहेर राहतं. त्याला हिरवी चमकणारी खूण जोडलेले फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) त्यावर सोडले. दोन दिवसांत ते ऐसपैस पसरले, यॅप केंद्रकात गोळा झालं. पाच मिनिटं प्रकाश दिला. दुसऱ्या दिवशी त्याच पेशी आक्रसलेल्या, आणि बहुतेकींत यॅप केंद्रकातून बाहेर पडलेलं. मी मायक्रोस्कोपपाशी कितीतरी वेळ बसून होते.

खोक्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. २० किलोपास्कल लिहिलं होतं; माध्यमात रात्रभर फुगल्यावर आमच्या एएफएमवर (सूक्ष्म टोकाने दाबून ताठरपणा मोजणारं यंत्र) १२ भरलं. जेलच्या कडा काचेपासून सुटण्याचा त्रासही झाला, पण काच नीट सिलेनने (जेल काचेला धरून ठेवणारं रसायन) माखल्यावर तो थांबला.

खरा घात झाला तो रंगाने. केंद्रकं दिसावीत म्हणून जिवंत पेशींना होक्स्ट हा डीएनएला चिकटणारा रंग दिला. तो रंग उजळायला जवळपास तोच अतिनील प्रकाश लागतो, म्हणजे प्रत्येक फोटोबरोबर जेल थोडं थोडं मऊ होत होतं. तीन आठवड्यांची निरीक्षणं टाकून द्यावी लागली. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ हवीच होती. आता दूर-लाल प्रकाशात चमकणारा रंग वापरते, त्याला अतिनील प्रकाश लागत नाही.

अतिनील प्रकाशाचा ताण पेशींवर वेगळा पडतो, त्यामुळे तेवढाच प्रकाश न तुटणाऱ्या जेलवरही द्यायला हवा. असं तुलनेचं जेल किटमध्ये नाही, ते मी स्वतः बनवलं. एवढ्या किमतीत ते मिळायला हवं.

तरी मी पुन्हा मागवलं आहे. फक्त हे लक्षात घ्या की यात एकदा मऊ झालेलं जेल परत कडक होत नाही. व्रणासारखी ऊत हळूहळू घट्ट होत जाते, ते अभ्यासायचं असेल तर प्रकाशाने आणखी जोड बांधणारं जेल शोधा.