मैसूरची येझदी २५०: वीस वर्षं बंद असलेली गाडी पुन्हा चालवल्यानंतरचा अनुभव, आणि तिची किंमत कशी धरावी

गाडी कोणती ते आधी. येझदी २५०, सत्तरच्या दशकातली, १६ इंची चाकं, ६ व्होल्टचा डायनॅमो, जिकोव कार्बोरेटर. वीसहून जास्त वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये पडून. इंजिन पूर्ण उघडून बांधलं आणि त्यानंतर एक उन्हाळा व एक अख्खा पावसाळा गाडी नियमित वापरली. १९६१ पासून मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात जावा बनत होती, १९७३ पासून टाकीवर येझदी हे नाव आलं. यंत्र मुळात तेच, म्हणून खालचं सगळं जुन्या जावा २५० लाही लागू आहे. २०१८ मध्ये आलेली जावा आणि २०२२ मध्ये आलेली येझदी ही मात्र पाण्यावर थंड होणारी फोर-स्ट्रोक इंजिनं. त्यांच्या शोरूममध्ये या गाडीचे पार्ट शोधू नका.

सगळा अनुभव एका वाक्यात सांगायचा तर, बंद गाडीची किंमत क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाच्या आत आणि आरसी बुकात असते, क्रोममध्ये नसते. क्रोम पैसे टाकले की होतं. ओल लागून गंजलेला क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, मात्र पॉलिश केलेल्या टाकीखाली बेमालूम लपतो.

बघायला जाल तेव्हा टॉर्च आणि सायलेन्सरच्या चकती-नटाचा हुक पाना सोबत ठेवा. सिलेंडर एकच असला तरी या गाडीला एक्झॉस्टची दोन तोंडं आहेत. बेंड पाइप काढला की त्या तोंडातून पिस्टन आणि रिंगा थेट दिसतात. हेड न उघडता एवढी माहिती देणारी दुसरी जागा नाही. पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर इंजिन कधीतरी जाम झालेलं आहे. त्याच वेळी पाइपचा नट ज्यावर बसतो ते सिलेंडरवरचे आटे बघा. छिन्नी-हातोड्याने नट सोडवून आटे खाल्लेले सिलेंडर सर्रास मिळतात. तिथून गॅस गळत राहतो, नट दर आठवड्याला सैल होतो आणि नव्या पाइपचं क्रोम निळं पडतं.

किक जाम असेल तर तिच्यावर उभं राहू नका. किक आणि गिअर यांचा लिव्हर एकच आहे, आत दाबून वर फिरवला की किक होतो. जोर लावला की आतल्या अर्धगोल गिअरचे दात उडतात आणि फुकटची दुरुस्ती मागे लागते. डिझेल आणि एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, पॉवर स्टिअरिंगमध्येही चालणारं ऑईल निम्मं-निम्मं मिसळून प्लगच्या भोकातून ४०-५० मिली सोडा आणि चार दिवस थांबा. पिस्टन खाली अडकला असेल तर हे मिश्रण पोर्टमधून सायलेन्सरमध्ये वाहून जातं आणि काहीच होत नाही. तेव्हा पोर्ट चिंधीने घट्ट बंद करून मगच ओता. नंतर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवत राहा. क्लचच्या कॉर्क प्लेटाही एकमेकींना चिकटलेल्या असतात, पण या कामात त्याचा उलट फायदाच होतो.

इंजिन सुटलं की बरेच जण तसंच सुरू करतात. सुरू होतंही. इथेच नुकसान होतं. टू-स्ट्रोकचा क्रँक तेलात बुडालेला नसतो. पेट्रोलमधून आलेल्या ऑईलचा पातळ थर एवढंच त्याचं संरक्षण, आणि तो वर्षा-दोन वर्षांत सुकून चिकट होतो. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत उभी राहिलेली गाडी असेल तर बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या) रोलरवर आणि क्रँकच्या बेअरिंगवर गंजाचे बारीक खड्डे पडलेले धरूनच चाला. गाडी काहीशे किलोमीटर छान चालते, मग खालून टकटक सुरू होते आणि ताजं बोअर केलेलं सिलेंडर, नवा पिस्टन पुन्हा उघडावा लागतो. म्हणून क्रँक आधी, बोअर (सिलेंडर आतून कापून मोठं करणं) नंतर. कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली ओढून बघा. उभा खेळ अजिबात नको, बाजूचा थोडा चालतो. नवा रॉड, पिन आणि रोलर बसवल्यावर क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावणारा लेथवालाच निवडा. गेज न लावता ‘नजरेने सरळ’ करून देणाऱ्याकडे देऊ नका. ती थरथर मग पायांना कायम जाणवते.

सिलेंडरचा मूळ व्यास म्हणजे बोअर ६५ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ च्या टप्प्याने १ मिमीपर्यंत मिळतात. विकत घेण्याआधी पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला आकडा दिसला तर टिपून घ्या. १.०० आधीच बसलेला असेल तर पुढचा उपाय नवा स्लीव्ह म्हणजे सिलेंडरचं आतलं अस्तर, आणि तो खर्च किमतीतून वजा करायचा. रिंगचं तोंड सिलेंडरमध्ये ०.२ ते ०.३ मिमी उघडं राहिलं पाहिजे, आणि पिस्टनवरच्या बारीक पिनेवरच ते बसलं पाहिजे. पिन सुटून रिंग फिरली तर तिचं टोक पोर्टमध्ये अडकून तुटतं.

क्रँकची ऑईल सील दोन्ही बाजूंची बदलायचीच, कितीही मऊ वाटली तरी. ती का जातात हे समजलं की लक्षणं वाचता येतात. डावीकडे प्रायमरी चेन आणि गिअरबॉक्सचं सामाईक तेल आहे. ते सील कडक झालं की इंजिन तेच तेल ओढून जाळतं. पांढरा धूर थांबत नाही, प्लग ओला होतो आणि गिअर ऑईल महिन्याभरात कमी भरतं. उजवीकडे डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं की तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग आपोआप चढतं, थ्रॉटल सोडला तरी गाडी भुणभुणत राहते आणि चढावर पिस्टन जाम होतो. असं झालं की लोक कार्बोरेटरशी खेळत बसतात. दोष तिथे नसतो.

टाकीत गंज होता. टाकी साधारण १३ लिटरची. गरम पाण्यात दर लिटरला १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून काठोकाठ भरून ती एक दिवस ठेवली, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन हेअर ड्रायरने वाळवली आणि लगेच आतून टू-टी ऑईल फिरवलं. वाळवणं आणि तेल यांच्यात तासाभराचा वेळ गेला तरी आत पुन्हा केशरी थर येतो. आतून लावायचे सीलर टाळले. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि त्यात जुने किंवा हलके सीलर पापुद्रे होऊन सुटतात. तेच जुन्या रबरी पाइपचं आणि पेट्रोल कॉकच्या वायसरचं, फुगून मऊ पडतात. इथेनॉल हवेतली ओल धरतं. पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा. हे पेट्रोल थोडं पातळ जळतं, म्हणून मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) मूळपेक्षा एक टप्पा मोठा लागला. प्लगचा रंग पांढुरका होता, तो त्यानंतर विटकरी झाला.

जिकोवचा पितळी फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोलचा आवाज आला तर त्याला बारीक छिद्र आहे. गरम पाण्यात बुडवलं की बुडबुडे जागा दाखवतात. कथिलाचा डाग अगदी थोडा द्या. फ्लोट जड झाला तर पेट्रोलची पातळी वाढते आणि गाडी कायम ओव्हरफ्लो होते.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑईलचं प्रमाण: बोअरनंतर पहिल्या हजार किलोमीटरला लिटरमागे ४० मिली, आता चांगल्या दर्जाचं ऑईल ३० मिली. गिअरबॉक्समध्ये साधारण १ लिटर २०-डब्ल्यू-४०, कारचं नव्हे, मोटरसायकलचं. कारच्या तेलातल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी क्लच घसरतो.

विजेचं काम सगळ्यात जास्त वेळ खातं. बॅटरी मेली तर ही गाडी किकने सुरू होत नाही, कारण स्पार्क बॅटरीवर आहे. डायनॅमो वर्षानुवर्षं पडून राहिला की पोलमधलं शिल्लक चुंबकत्व जातं. सगळं बरोबर असूनही हेडलाइटवरचा लाल दिवा विझत नाही. डायनॅमोच्या फील्ड कॉइलला बॅटरीचा क्षणभर स्पर्श दिला की तो जागा होतो, पण बॅटरीचं कोणतं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडून अर्थ केलेलं आहे ते आधी बघा. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक थोडा खाली खरवडा, ब्रश नवे घाला. कंडेन्सर जुना ठेवू नका. तो गेला की पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) काळे पडतात आणि गरम झाल्यावर गाडी बंद पडते. पॉइंटचं अंतर ०.४ मिमी, स्पार्कचं टायमिंग पिस्टन माथ्यावर यायच्या आधी ३ ते ३.५ मिमी. प्लग आखूड आट्यांचा, बी७एचएस जातीचा. लांब आट्यांचा प्लग लावला तर तो थेट पिस्टनवर आपटतो.

बाजारात १२ व्होल्टचे सीडीआय किट (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक स्पार्कचे) मिळतात. रोज रात्री हायवेला जायचं असेल तर घ्या, पण काढलेला डायनॅमो, रेग्युलेटर आणि कॉइल डब्यात जपून ठेवा. किमतीच्या वेळी तो डबा लागतो.

आता वापराबद्दल. ५५ ते ६५ च्या वेगाला ही गाडी सुंदर चालते. त्या वेगात इंजिनाची जी लय आहे ती आजच्या कुठल्याही गाडीत नाही, आणि एवढ्यासाठी हे सगळं करणं योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. गिअर बदलताना लिव्हर स्वतःच क्लच दाबतो. त्याचं सेटिंग डाव्या कव्हरवरच्या स्क्रूने होतं. क्लच लिव्हरला २-३ मिमी मोकळा खेळ ठेवला तर गिअर लोण्यासारखे पडतात. खेळ नसेल तर क्लच घसरतो. शहरात लिटरला २५ च्या आसपास, मोकळ्या रस्त्यावर ३० च्या वर. ब्रेक मात्र ताम्हिणीसारख्या घाटात उतारावर कमीच पडतात. नवं लायनिंग घातल्यावरही पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. शेडमध्ये राहिलेल्या ब्रेक शूचं लायनिंग दिसायला जाड असतं पण चिकटवलेलं सुटलेलं असतं, ते बदलाच. जुनी धूळ फुंकू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. टायरवर कितीही नक्षी शिल्लक असली तरी बदला. मापाचा, म्हणजे ३.२५-१६ चा टायर प्रत्येक दुकानात नसतो, तो आधी मिळवून ठेवा. सायलेन्सरची आतली नळी दर दोन-तीन हजार किलोमीटरला काढून कार्बन जाळावा लागतो. ते टाळलं की चढावर ताकद जाते आणि दोष बोअरला दिला जातो.

किंमत ठरवताना माझा क्रम असा. पहिला प्रश्न नंबरांचा: इंजिन आणि चासी दोन्ही नंबर आरसी बुकाशी जुळतात का. अक्षरं वाकडी किंवा त्याभोवतीचा धातू घासलेला असेल तर तिथेच थांबा. पावडर कोटिंगचा जाड थर नंबर बुजवतो, त्यामुळे ताजी कोट केलेली चासी जास्त संशयाने बघा. दुसरा प्रश्न, गाडी पूर्ण आहे का. हेडलाइटचं कवच मीटरसकट, दोन्ही बाजूंच्या डब्यांची झाकणं, चेनचं बंद कव्हर, मूळ जिकोव, टाकीचे रबरी पॅड. नक्कल मिळते, पुण्यात नाना पेठेत विचारा, पण पत्रा पातळ असतो आणि भोकं जुळत नाहीत. अपुरी पण स्वस्त गाडी शेवटी महागच पडते. तिसरा, रंग. मूळ मरून रंग आणि हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा फिक्या का होईना शिल्लक असतील तर रंगवू नका. नव्या रंगाच्या चकचकीत गाडीपेक्षा मी अशा गाडीला जास्त पैसे देईन. इंजिन सुरू आहे की बंद, हा प्रश्न माझ्या यादीत शेवटी येतो, कारण सुरू असलं तरी क्रँक उघडायचाच आहे आणि तो खर्च भावात आधीच धरलेला असावा.

कागदांचं गणित वेगळं आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात असलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. पण अशी गाडी नियमित वापरता येत नाही. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी. त्यासाठी फिटनेस तपासणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. जुन्या गाड्यांची नोंद पुष्कळदा फक्त आरटीओच्या वहीत असते, संगणकावर नसते. बॅकलॉग नोंद, म्हणजे वहीतली जुनी नोंद संगणकावर चढवणं, झाल्याशिवाय पुढचं कुठलंच काम हलत नाही. म्हणून सौद्याच्या आधी नंबर ऑनलाइन दिसतो का ते तपासा. दिसत नसेल तर नोंद करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, असं लेखी घ्या. मूळ मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी चढली पाहिजे, मग २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. वारस चार असतील तर चौघांच्या सह्या आल्याशिवाय टोकनपलीकडे एक रुपया देऊ नका.