लग्न गोव्यात, फोटोग्राफर पुण्याचा: आमची फसवणूक कशी झाली

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात फोटो आणि व्हिडिओसाठी आम्ही तीन लाख एकसष्ट हजार आठशे रुपये मोजले, आणि तरीही मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही. मिळालेल्या फायलींवरची वेळ पाहिली, तर १२ वाजून ९ मिनिटांच्या फोटोनंतरचा फोटो थेट १२ वाजून २१ मिनिटांचा आहे. मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा होता. ही बारा मिनिटे कुठे गेली, याचा शोध घेताना आमची फसवणूक एकेक पदर सुटत उघडी पडली. पुण्याहून बाहेरगावी जाऊन लग्न करणारी कुटुंबे आता पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावर अशी वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

लग्न २०२३ च्या डिसेंबरात, दक्षिण गोव्यातल्या समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये करायचे ठरले होते. आम्ही कोथरूडचे, मुलाकडची मंडळी नाशिकची, दोन्हीकडची मिळून दीडशे माणसे. फोटोग्राफरचा विषय निघाला तेव्हा माझ्या दिरांनी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या फोटोग्राफरांचे नाव सुचवले होते. आमच्या घरातली तीन लग्ने त्यांनीच टिपलेली होती आणि देवक बसवण्यापासून सूनमुखापर्यंतचा सगळा क्रम त्यांना तोंडपाठ होता. पण मुलीला आणि खरे सांगायचे तर मलाही वाटले, की डेस्टिनेशन वेडिंगला त्याच कामात मुरलेला माणूस हवा. शोध घेता घेता कर्वे रस्त्याच्या परिसरातल्या एका स्टुडिओपर्यंत आम्ही पोहोचलो. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण मला सांगायची आहे ती कामाची पद्धत, आणि ती एकाच स्टुडिओची असेल असे मला वाटत नाही.

स्टुडिओच्या मालकांनी आमच्यापुढे १२ बाय ३६ इंची, चाळीस शीटचा अल्बम उघडला. उदयपूरच्या पिछोला तलावाकाठी संध्याकाळच्या दिव्यांत उभी असलेली नवरी, पायऱ्यांवरून उतरणारी वरात, कुठेतरी वाळूत उभारलेला मांडव असे एकाहून एक सुंदर फोटो त्यात होते. आमचे डोळे दिपले, हे मी नाकारत नाही. तो अल्बम एका लग्नाचा नव्हता. वीस-पंचवीस लग्नांतला प्रत्येकी एक उत्तम फोटो निवडून तो लावलेला होता, आणि ही गोष्ट समोर पान उघडे असूनही आमच्या लक्षात आली नाही. एकाही लग्नाचे सगळे फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आम्ही मागितले नाहीत. भर दुपारच्या मुहूर्ताचे फोटो आम्ही पाहिले नाहीत, आणि आमचा मुहूर्त तर भर दुपारचाच होता.

दर ठरला दोन लाख साठ हजार. त्यात दोन कँडिड फोटोग्राफर (माणसांचे सहज, नकळत भाव टिपणारे), एक ट्रॅडिशनल (विधी आणि समूहफोटो काढणारा), दोन व्हिडिओग्राफर, पंचवीस हजारांचा ड्रोन, टीझर म्हणजे लग्नाची छोटी झलक, पूर्ण फिल्म आणि दोन अल्बम होते. त्यावर अठरा टक्के जीएसटीचे सेहेचाळीस हजार आठशे. पाच माणसांच्या पुणे-गोवा विमानप्रवासाचे पंचावन्न हजार वेगळे, आणि तेही रोख, कारण तिकिटे एजंटकडून लगेच काढायची आहेत असे सांगण्यात आले. निम्मी रक्कम बुकिंगला आणि उरलेली सारी लग्नाच्या आठ दिवस आधी द्यायची होती. शेवटचे काही पैसे अल्बम हातात आल्यावर देऊ, असे माझ्या यजमानांनी सुचवले तेव्हा मालक म्हणाले, "काका, पुण्यातल्या लग्नाला तसं चालतं. बाहेरगावी टीम न्यायची म्हणजे आमचे पैसे आधीच अडकतात." बोलणे पटण्यासारखे होते. प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च खरोखरच आधी करावा लागतो, पण एडिटिंग आणि अल्बम यांचा खर्च आधी होत नाही, हा फरक त्या खुर्चीत बसून आम्हाला सुचला नाही. त्या दिवशी आमच्या हातातला एकमेव लगाम आम्ही आपण होऊन सोडून दिला.

करारपत्र होते, आणि त्यावर आम्ही समाधानी होतो. त्यात "पाच जणांची अनुभवी टीम" असे शब्द होते. एकाचेही नाव नव्हते.

सीमांतपूजनाच्या दिवशी दुपारी रिसॉर्टवर तीन मुले आली. मालकांना ऐनवेळी ताप आला होता आणि पाचवा माणूस "रस्त्यात" होता, तो शेवटपर्यंत रस्त्यातच राहिला. चौथा, म्हणजे पुण्याहून खरोखर आलेला एकमेव माणूस, संध्याकाळी पोहोचला. तो स्टुडिओतला मदतनीस होता आणि रात्रभर स्लीपर बसने प्रवास करून, पुढे पणजीहून दोन बस बदलून आला होता. लग्नाच्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी माझ्या यजमानांनी त्या तिघांपैकी एकाची सहज विचारपूस केली. तो मडगावचा निघाला. त्याला रिसॉर्टवर येण्याच्या आदल्या संध्याकाळी फोन आला होता, दिवसाचे सहा हजार ठरले होते, आणि पुण्यातल्या त्या मालकांना त्याने आजवर पाहिलेलेही नव्हते. त्याने हे काही न लपवता सांगितले, कारण त्यात लपवण्यासारखे काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हते.

त्या मुलांना मी आजही दोष देत नाही. त्यांचा हात चर्चमधल्या लग्नांवर बसलेला होता, तिथे विधी निवांत चालतात आणि फोटोसाठी थांबताही येते. आपल्याकडे मुहूर्ताच्या लग्नात तसे नसते. गुरुजींचे लक्ष घड्याळाकडे असते, शेवटचे मंगलाष्टक संपते, "सावधान" होते, अंतरपाट उत्तरेकडे ओढला जातो आणि अक्षतांचा पाऊस पडतो, हे सगळे मोजून दहा-पंधरा सेकंदांत होते आणि पुन्हा करून दाखवता येत नाही. त्या क्षणी एक कॅमेरा वधूच्या चेहऱ्यावर आणि एक वराच्या चेहऱ्यावर लागतो, आणि ते दोघे मंगलाष्टके सुरू होण्याआधीच जागा धरून बसलेले असावे लागतात, कारण नंतर माणसांची भिंत उभी राहते. हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. नंतरच्या फायली पाहिल्यावर कळले, की १२ वाजून ९ मिनिटांपर्यंत एक जण प्रवेशद्वाराच्या फुलांचे फोटो काढत होता. दुसरा कुठे होता ते सांगता येत नाही. व्हिडिओत अंतरपाट आहे, पण तो पाहुण्यांच्या डोक्यांमागून दिसतो आणि मुलीचा चेहरा त्यात नाही.

जे फोटो निघाले त्यांचीही एक वेगळीच दशा झाली. मांडवाची पाठ समुद्राकडे होती. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर, मागे चकाकणारे पाणी, आणि मांडवाच्या सावलीत उभी माणसे, अशा ठिकाणी फ्लॅश नीट वापरला नाही तर मागचा समुद्र छान येतो आणि चेहरे काळवंडतात. माझ्या आईने शेवटच्या शीटपर्यंत अल्बम पाहिला आणि विचारले, "अगं, यातली आपली माणसं कोणती?" बाहेरगावच्या जागेवर काम करणारा जाणता फोटोग्राफर आदल्या दिवशी नेमक्या मुहूर्ताच्या वेळी मांडवात येऊन उभा राहतो, उजेड कुठून येतो ते पाहतो आणि गरज वाटली तर मांडवाचे तोंड बदलायला सांगतो. हे मला पेठेतल्या त्या जुन्या फोटोग्राफरांनी पुढे सांगितले. आमच्याकडे आदल्या दिवशी दुपारी बाराला कोणीच पोहोचलेले नव्हते.

ड्रोन उडालाच नाही. "इथे परवानगी नाही," एवढेच उत्तर मिळाले. रिसॉर्ट दाबोळी विमानतळापासून फार लांब नव्हते, आणि दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ. ड्रोनविषयीचे २०२१ चे नियम असे सांगतात, की विमानतळाच्या आसपासच्या पट्ट्यात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही, आणि कुठला भाग हिरव्या, पिवळ्या किंवा तांबड्या क्षेत्रात येतो त्याचा नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. म्हणजे जागा कळवली त्याच दिवशी, पंचवीस हजार घेण्याआधी, हे त्यांना समजू शकत होते.

यानंतरचे चार महिने मी थोडक्यात सांगते, कारण फसवणूक झालेल्या प्रत्येकाचे ते साधारण सारखेच असतात. पंचेचाळीस दिवसांत अल्बम देणार होते. मग एडिटर गावी गेला, मग हार्ड डिस्क बिघडली, मग मूळ डेटा हवा असेल तर तीस हजार वेगळे पडतील असा निरोप आला. अखेरीस पाचशेच्या आत फोटो आणि एक अल्बम आमच्या हाती पडला.

हार्ड डिस्कचे निमित्त पुढे करणे अगदी सोपे असते, म्हणून त्याविषयी थोडे सांगते. लग्नाच्या कामासाठी जे कॅमेरे वापरतात त्यांतल्या बहुतेकांना दोन कार्डांची सोय असते आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर उतरवता येतो. "तुमचे कॅमेरे दोन कार्डांचे आहेत का, आणि दोन्हींवर एकदमच साठवता का?" हा प्रश्न बुकिंगच्या वेळी विचारावा. जो नेहमी तसे करतो तो क्षणाचाही विचार न करता उत्तर देतो. शिवाय आपली स्वतःची एक हार्ड डिस्क न्यावी आणि कार्यक्रमाच्या रात्रीच, टीम गाव सोडण्याआधी, सगळा डेटा तिच्यावर उतरवून घेण्याची अट करारात लिहावी. लग्नाच्या एकूण खर्चात हार्ड डिस्कची किंमत फुलवाल्याच्या बिलापेक्षाही कमी असते. आमच्या करारात ही एक ओळ असती, तर पुढचे चार महिने मनस्ताप झाला नसता.

माझ्या भाच्याने एप्रिलमध्ये घरी बसून स्टुडिओने दाखवलेले नमुन्याचे फोटो गुगल लेन्समधून शोधले. दहा मिनिटांत त्यांतले उदयपूरचे तीन फोटो राजस्थानातल्या एका फोटोग्राफरच्या पानावर सापडले, तेही दोन वर्षे जुने. आम्ही तिथे विचारणा केली तेव्हा या स्टुडिओशी आपला काहीही संबंध नसल्याचे त्यांनी कळवले. ती दहा मिनिटे आम्ही बुकिंगच्या आधी खर्च करायला हवी होती.

त्यानंतर यजमानांनी बिल नीट पाहिले. जीएसटी अठरा टक्के आकारला होता, पण नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. मागितल्यावर त्यांनी एक क्रमांक पाठवला. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि एकूण पंधरा अंक-अक्षरांचा असतो, तसा तो होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो घालून पाहिला तर नाव भलत्याच व्यवसायाचे निघाले, आणि नोंदणी रद्द झालेली होती. म्हणजे सेहेचाळीस हजार आठशे रुपये आमच्याकडून कराच्या नावाखाली घेतले गेले होते, आणि ते सरकारकडे गेले असण्याची शक्यताच नव्हती.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आणि ओळखीच्या एका वकील बाईंना भेटलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे लग्न गोव्यात झाले तरी पुण्यातच तक्रार करता येईल, दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यामुळे शुल्क लागणार नाही, आणि यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, हे त्यांनी समजावून सांगितले. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, जी आमच्या ध्यानीमनीही नव्हती. आपण पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्याप्रमाणे आपलाच असतो, करारात वेगळे ठरलेले नसेल तर. आणि आमच्या करारात, दुसऱ्या पानाच्या तळाशी, तो हक्क स्टुडिओला देणारी एक ओळ होती. खाली सही माझीच होती.

वकिलांची नोटीस गेल्यावर तीन आठवड्यांत स्टुडिओने जीएसटीचे सेहेचाळीस हजार आठशे आणि ड्रोनचे पंचवीस हजार, असे एकाहत्तर हजार आठशे रुपये बँकेतून परत केले. या दोन्ही रकमा बिलात स्वतंत्र ओळीत लिहिलेल्या होत्या आणि त्यांवर त्यांना काही बोलता आले नाही. विमानाचे पंचावन्न हजार रोख दिले होते, पावती नव्हती, ते बुडाले. आम्ही आयोगाकडे न जाता तेवढ्यावर थांबलो, कारण मुलीला त्या विषयाचा उल्लेखही नकोसा झाला होता. ते योग्य केले की नाही याविषयी माझे आणि यजमानांचे अजून एकमत नाही.

धाकट्या मुलीचे लग्न आता दिवेआगरला ठरले आहे. मागच्या आठवड्यात दिरांबरोबर सदाशिव पेठेत जाऊन आले. यंदाच्या करारात येणाऱ्या चौघांची नावे आहेत आणि चौघांनी मिळून काढलेल्या एका लग्नाचे सगळेच्या सगळे फोटो आम्ही आधी पाहिले आहेत. प्रवासखर्च तिकिटांप्रमाणे द्यायचा आहे आणि तीस टक्के रक्कम अल्बमनंतर. पैशांचे बोलणे सुरू होण्याआधी त्या गृहस्थांनी चष्मा पुसत मला पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, गुरुजी कोण आहेत? त्यांचा नंबर मला आजच द्या."