माशाच्या आकाराचा काचेचा पाइप: आठ महिन्यांनंतर

खरं सांगायचं तर हा धूर ओढायचा पाइप दिसण्यावर भाळूनच घेतला. पाठीवर पाला भरायची वाटी, शेपटीतून ओढायचं आणि डाव्या डोळ्याच्या जागी हवेचं भोक. अंगठा आपोआप तिथेच बसतो. तो उचलला की बाहेरची हवा आत शिरते आणि साचलेला धूर मोकळा होतो. डावखुऱ्यांनी मात्र आधी हातात धरून बघाच.

काच बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी) आहे का, हे विचारून घ्या. साध्या काचेच्या मानाने ती तापल्यावर जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, म्हणून सहसा तडकत नाही. माझा आधीचा पातळ पाइप गरम असतानाच पाण्याखाली धरला आणि वाटीपासून उभी चीर गेली. फार वाईट वाटलं.

वाळका पुदिना हातानेच जाडसर चुरते, सैल भरते. पूड केली तर ती थेट तोंडात येते.

एकच तक्रार, पण मोठी: कल्ले आतून पोकळ आहेत, काजळी तिथेच चिकटते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जाडं मीठ घालून, भोकं दाबून खळखळवते, मग कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवते. शेपटी लख्ख होते, कल्ले तपकिरीच राहतात. धूर कुठलाही असो, छातीला त्रासच, त्यामुळे महिन्यातून एखाद्या वेळेसच काढते.