नॉर्डहेव्हन ४३ की क्रोगेन ४४? बोटशोत बघताना आणि ठरवताना

अमेरिकेत आहात, निवृत्ती जवळ आली आहे आणि पुढची काही वर्षं दोघांनी बोटीवर काढायचं मनात आहे, अशांसाठी हे लिहितोय. शिडं सांभाळायची हौस किंवा ताकद नसेल, तर शोध फिरून फिरून समुद्री ट्रॉलर यॉटपाशी येतो. मासेमारी बोटीसारखं जड, खोल अंग, उंच नाळ (बोटीचं पुढचं टोक), संथ चालणारं एक डिझेल इंजिन आणि वर राहण्याजोगं घर. या आकारात दोन नावं हमखास समोरासमोर येतात: नॉर्डहेव्हन ४३ आणि क्रोगेन ४४. आज दोन्ही बहुतेक वापरलेल्याच मिळतात, आणि वयाने सारख्या असतील तर नॉर्डहेव्हनला सहसा जास्त पैसे मोजावे लागतात.

फ्लोरिडातल्या बोटशोंमध्ये ओळखीच्या मालकांच्या अशा बोटींवर पाहुण्यांना फिरवून दाखवायला मी उभा राहतो. तिथे दिसणारी एक गोष्ट आधीच सांगतो. एकाच दुपारी दोन्ही बघितल्या तर बहुतेकांना क्रोगेन आवडते. बोट धक्क्याला घट्ट बांधलेली असते, एसी चालू असतो, इंजिन बंद असतं आणि लोक चपला काढून थेट स्वयंपाकघराकडे वळतात. अशा वेळी जी बोट घर म्हणून सरस, ती जिंकणारच. तुम्ही राहणार कुठे आणि जाणार किती लांब, याचा निकाल मात्र फरशीच्या खाली असतो.

दोन्ही घराण्यांचा इतिहास थोडक्यात. केडी-क्रोगेन ही कंपनी १९७६ साली सुरू झाली. तिच्या ४२ फुटी बोटी दोनशेहून जास्त बांधल्या गेल्या आणि ४४ ही त्याच मॉडेलची वारस. नॉर्डहेव्हनवाले कॅलिफोर्नियातल्या डाना पॉइंटचे. त्यांची पहिली ४६ फुटी बोट १९८९ मध्ये पाण्यात उतरली. २००१-०२ मध्ये त्यांनी ४० फुटी बोट जगाभोवती फिरवून आणली. २००४ मध्ये १८ बोटींचा ताफा फोर्ट लॉडरडेलहून बर्म्युडा आणि अझोर्स या अटलांटिकमधल्या बेटांमार्गे जिब्राल्टरला गेला. दोघींची वृत्ती यातूनच कळते.

आता अंगाची गोष्ट. क्रोगेन रुंद आहे, सुमारे १६ फूट ४ इंच. नॉर्डहेव्हन १४ फूट १० इंच. आत पाऊल टाकताच जो मोकळेपणा जाणवतो तो या दीड फुटाचा. वजनात चित्र उलटं होतं. क्रोगेन २० टनांच्या आसपास, नॉर्डहेव्हन २५ टनांच्या घरात. क्रोगेनचं पाण्याखालचं अंग मागे निमुळतं होत जातं, पाणी मागे हळुवार सुटतं, म्हणून तिला पुढे ढकलायला कमी ताकद लागते. पाण्याच्या रेषेवरची लांबी क्रोगेनची ४१ फुटांच्या जवळ, नॉर्डहेव्हनची ३८ फुटांच्या थोडी वर. त्यामुळे दोघींचीही वेगाची मर्यादा सव्वाआठ ते साडेआठ नॉट, म्हणजे ताशी साधारण १५-१६ किलोमीटर. शोमध्ये सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न वेगाचाच असतो, आणि या दोघींपुरता तो सोडून द्यायला हरकत नाही. लांबच्या वाटेवर दोन्ही सहा-सात नॉटनेच चालवायच्या असतात.

डिझेलचा हिशेब मात्र बारकाईने करा. नॉर्डहेव्हनच्या टाक्यांत सुमारे १,२०० गॅलन मावतं, क्रोगेनच्या ८५०. सात नॉटला जड बोट ताशी ३ गॅलन आणि हलकी अडीच गॅलन खाते असं हिशेबापुरतं धरू. मग पहिली २,८०० सागरी मैल जाईल आणि दुसरी २,३८० च्या आसपास. पाचवा हिस्सा राखीव ठेवायचा हा शहाण्यांचा नियम. तो लावला की उरतात २,२४० आणि १,९००. बर्म्युडा ते अझोर्स साधारण १,८०० मैल, म्हणजे सात नॉटने रात्रंदिवस चालून अकराएक दिवस. क्रोगेन तिथे पोहोचेल, पण समोरून वारा लागला किंवा जनरेटर जास्त चालला तर रोज टाकीकडे डोळे लावून बसावं लागेल. सहा नॉटवर आलात तर दोघींचाही पल्ला चांगला वाढतो, दिवस वाढतात इतकंच. नॉर्डहेव्हनवर ही चिंता पुष्कळ कमी. डिझेलचा हाच भार वाहण्यासाठी तिचं अंग एवढं जड आणि खोल आहे.

खरी तुलना इंजिनरूममध्ये होते, आणि पाहुण्यांतले फारच थोडे तिथे उतरतात. नॉर्डहेव्हनचं इंजिन समुद्राचं पाणी आत घेतच नाही. थंड करणारं पाणी बोटीच्या तळाला बाहेरून लावलेल्या नळ्यांतून फिरतं आणि धूर चिमणीवाटे वर जातो. ही रीत व्यापारी आणि मासेमारी बोटींची. समुद्राचं पाणी गाळणाऱ्या जाळीत शेवाळ अडकणं, रबरी पंपाची पाती तुटणं, खाऱ्या पाण्याने आतून गंजणं ही दुखणी मुख्य इंजिनाला उरत नाहीत. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सरगॅसम या तरंगत्या शेवाळाचे तांबूस-पिवळे पट्टे पसरलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना याची किंमत लगेच पटेल. मोबदल्यात चिमणी घराच्या मधून वर जाते, जागा खाते आणि डेकवर काजळी टाकते. क्रोगेनवर बहुधा नेहमीची पद्धत दिसते: समुद्राचं पाणी आत, धूर आणि पाणी मिळून बाहेर. ती शांत आहे, सुटसुटीत आहे आणि कुठल्याही बंदरात दुरुस्त होते. फक्त पंप आणि जाळी वेळच्या वेळी बघायला हवी.

दुसरा मुद्दा, एकच इंजिन बंद पडलं तर काय? नॉर्डहेव्हन ४३ वर सहसा एक छोटं इंजिन वेगळं असतं. त्याचा शाफ्ट वेगळा, मिटणारा प्रोपेलर वेगळा. शांत पाण्यात ते चारेक नॉटने घरी आणतं. क्रोगेन ४४ वर ते असेलच असं नाही, तेव्हा त्या ठरावीक बोटीबद्दल विचारा. किनाऱ्यालगत फिरणार असाल तर बंद पडलेली बोट ओढून नेणाऱ्या टो-बोटीची वर्गणी भरून भागतं. अटलांटिकच्या मध्यात भागत नाही.

हेलकाव्यांबद्दल दोघींत फार फरक काढता येणार नाही. गोल तळाच्या बोटी हलतातच, स्टॅबिलायझर लागतातच. बहुतेकांवर पाण्याखाली दोन्ही बाजूंना हायड्रॉलिक पंख असतात. काही नॉर्डहेव्हनवर मात्र दोन्ही बाजूंना लांब दांडे दिसतील, त्यांच्यापासून पाण्यात जड ‘मासे’, म्हणजे हेलकावे रोखणारी वजनं, सोडतात. यंत्र नाही, बिघाड जवळपास नाही, नांगरावरही काम करतात. पण वेग थोडा कमी होतो, उथळ पाण्यात वापरता येत नाहीत आणि खवळलेल्या समुद्रात ते जड मासे वर ओढून घेणं सत्तरीतल्या जोडप्याला झेपेलच असं नाही. माझं मत विचाराल तर पंख घ्या. लांब जाणार असाल तर दांडेही असू द्या.

राहायला क्रोगेन सरस, यात मला शंका नाही. बैठक उजेडाची, सामान ठेवायला जागा भरपूर, आठवडाभर पाहुणे राहिले तरी अडचण वाटत नाही. तळही कमी खोल, साधारण साडेचार फूट. बहामाच्या उथळ पाण्यात आणि किनाऱ्याच्या आतल्या जलमार्गावर त्या अर्ध्या-पाऊण फुटाने रात्रीच्या नांगराच्या जागा वाढतात. मिशिगन सरोवरापासून नद्यांनी खाली येणारी मोठी फेरी मनात असेल, तर मास्ट पाडल्यावरची उंची दोन्ही बोटींबद्दल विचारा. इलिनॉयमधला एक स्थिर पूल पाण्यापासून साडेएकोणीस फुटांवर आहे आणि त्याला वळसा नाही.

म्हणून स्पष्टच सांगतो. ज्यांच्याशी मी बोललो त्यांतल्या बहुतेकांना बहामा, चेसापीक आणि फार तर कॅरिबियन गाठायचं असतं. त्यांनी क्रोगेन घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत चांगले पंख आणि सुटे भाग घ्यावेत. अझोर्स किंवा हवाई हे खरोखर ठरलेलं असेल, नकाशा भिंतीवर असेल आणि जोडीतल्या दोघांचंही मन त्यात असेल, तर नॉर्डहेव्हनच. एकाचं स्वप्न आणि दुसऱ्याची सोबत एवढ्यावर महासागराची बोट घेऊ नका.

शोमध्ये वेळ थोडा मिळतो, मागे रांग असते. मग पलंगावर बसून बघण्यापेक्षा पलंगापासून सुकाणूपर्यंत डोळे अर्धवट मिटून चालून बघा, हाताला धरायला काय काय लागतं ते मोजा. सुकाणूच्या खुर्चीत बसा आणि नाळेपुढचं पाणी किती दिसतं ते बघा. डिझेलचा फिल्टर कुठे आहे ते विचारा आणि तिथपर्यंत हात पोहोचतो का ते स्वतः करून बघा. टाकीवर काचेची नळी आहे का हेही बघा. डोळ्यांना दिसणारी पातळी काट्यापेक्षा भरवशाची. मालक स्वतः बोटीवर असेल तर त्याच्याशी बोलण्यात सगळा वेळ घालवा.

पुढची पायरी सी-ट्रायलची, म्हणजे घेण्याआधी बोट समुद्रात चालवून बघण्याची. ब्रोकर शांत सकाळ सुचवेल. तुम्ही वाऱ्याचा दिवस मागा. लाट बाजूने लागेल अशा दिशेला अर्धा तास चालवा, त्यातला काही वेळ स्टॅबिलायझर बंद ठेवायला सांगा, आणि त्या अवधीत दोघांनीही एकेकदा इंजिनरूममध्ये उतरून यावं.