उशिरा नोंदणी: पीएफचं नुकसान भरून निघतं, ईएसआयचं निघत नाही

बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे, नावगे, होनगा या पट्ट्यातल्या फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये माणूस कामाला लागला की त्याचं नाव पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांवर त्याच दिवशी चढतं असं नाही. ‘आधी टिकतोय का बघूया’ म्हणत तीन महिने जातात, मग ‘मार्च झाल्यावर करू’ म्हणत आणखी सहा. कायद्यात अशी सवड नाही. पीएफचं सभासदत्व हजर झाल्या दिवसापासून लागू होतं, ईएसआयची नोंदणी दहा दिवसांच्या आत व्हायला हवी. तरीही उशीर झालाच, तर या दोन सेवा कामगाराच्या कितपत उपयोगी पडतात ते इथं तपासलंय. आमचं मत आधीच सांगतो: पीएफची उशिरा नोंदणी पैशांच्या हिशेबानं जवळपास पूर्ण भरून काढता येते आणि त्यासाठीची ऑनलाइन सोय चांगली आहे. ईएसआयमध्ये मात्र गेलेले महिने गेलेच. म्हणून कारखान्यात दोन्ही अडकलेलं असेल तर आधी ईएसआयचा तगादा लावा.

आधी कोण बसतं ते. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला पीएफ लागू, दहा किंवा जास्त असतील तर ईएसआय. मोजणीत ठेकेदाराची माणसंही धरायची. ‘आमचे कंपनीचे आठच, बाकी काँट्रॅक्टरचे’ हे उत्तर चालत नाही. पीएफसाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपयांपर्यंत सक्ती आहे, ईएसआयसाठी पगाराची मर्यादा २१,००० (अपंग कामगाराला २५,०००). ‘ट्रेनी’ हा शब्द आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवतो. अप्रेंटिस कायद्याखाली करार नोंदवलेला शिकाऊ पीएफमधून सुटतो. नुसतं हजेरीपटावर ‘ट्रेनी’ लिहून मोल्डिंगवर उभा केलेला पोरगा सुटत नाही. पगाराची फोडही बघा. मूळ पगार मुद्दाम बारीक ठेवून बाकीचं ‘विशेष भत्ता’ म्हणून दाखवतात. सगळ्यांना सरसकट मिळणारा असा भत्ता पीएफसाठी पगारातच धरायचा, हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. थकबाकीचा हिशेब करताना याने आकडा बराच बदलतो.

आता पीएफ. मूळ पगार १२,००० धरू. कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,४४०, मालकाचे तेवढेच. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के, म्हणजे १,००० रुपये पेन्शन खात्यात जातात आणि ४४० पीएफमध्ये. त्यावर विम्याचे ६० आणि प्रशासन खर्चाचे ६० मालकाला वेगळे. समजा नाव २४ महिने चढलंच नाही. दोन्ही हिस्से मिळून ६९,१२० रुपये झाले. यावर वर्षाला १२ टक्के व्याज. दर महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपासून थकते, त्यामुळे सरासरी उशीर वर्षाच्या आतबाहेर धरला तर व्याज सुमारे ८ हजार. दंड महिन्याला १ टक्का, तोही साधारण तेवढाच. सगळं धरून मालकाच्या डोक्यावर ८५ हजारांच्या पुढे.

इथंच कामगाराची फसगत होते. मालक किंवा हिशेबनीस म्हणतो, ‘तुझा हिस्सा पुढच्या पगारातून हप्त्यानं कापतो.’ तसं कापता येत नाही. ज्या महिन्याचा हिस्सा त्या महिन्याच्या पगारातून कापला नाही, तो नंतरच्या पगारातून वसूल करायला पीएफच्या नियमांत मनाई आहे. अपवाद फक्त खरोखरच्या कारकुनी चुकीचा, तोही अधिकाऱ्याच्या संमतीनं. ईएसआयचा नियमही हेच सांगतो. पगाराच्या चिठ्ठीत ‘पीएफ ॲरिअर्स’ अशी कपात दिसली तर त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

मालकाला हा बोजा जड जातो म्हणूनच सरकार अधूनमधून सवलतीची खिडकी उघडतं. २०१७ मध्ये अशी मोहीम झाली होती, त्यानंतरची १ नोव्हेंबर २०२५ ते ३० एप्रिल २०२६ या मुदतीची. १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात कामाला लागलेली, पण नाव न चढलेली आणि अजून त्याच कारखान्यात असलेली माणसं तिच्यात घेतली. कामगाराचा हिस्सा कापलेला नसेल तर तो माफ. मालकानं स्वतःचा हिस्सा, त्यावरचं व्याज, प्रशासन खर्च आणि दंडापोटी फक्त १०० रुपये भरायचे. वरच्या उदाहरणात मालकाचं ओझं ८५ हजारांवरून ४० हजारांच्या आसपास येतं. मालकाच्या बाजूनं ही सवलत उत्तम. कामगाराच्या बाजूनं तिचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा: माफ झालेला हिस्सा तुमच्या खात्यात कधीच येत नाही. पीएफमध्ये निम्म्याहून कमी रक्कम जमा होते. पण पेन्शनचा भाग मालकाच्या हिश्शातून जात असल्यानं सेवेची वर्षं वाचतात, आणि आमच्या मते तीच जास्त मोलाची.

का, ते आकड्यांत बघा. पेन्शन म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. शेवटचा सरासरी पगार १५,००० असेल तर बुडालेल्या तीन वर्षांमागे दरमहा सुमारे ६४३ रुपये आयुष्यभर कमी होतात. शिवाय महिन्याच्या पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते. पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस शेतीचं काम सोडून फौंड्रीत लागला आणि दोन वर्षं नाव चढलं नाही, तर ५८ व्या वर्षी तो दहाच्या आत अडकू शकतो. पीएफसोबत येणाऱ्या विम्याचंही तसंच: सलग बारा महिने सेवा असेल तर मृत्यूनंतर वारसाला किमान अडीच लाख मिळतात, कमाल सात लाख. नाव उशिरा चढलं की हे बारा महिनेही उशिरा भरतात.

पीएफ नोंदणीचं काम आता उमंग या सरकारी ॲपवर होतं. १ ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा सभासद क्रमांक, चेहरा पडताळूनच काढायचा. मोबाइलमध्ये उमंग आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप घ्या. उमंगमध्ये ईपीएफओ (पीएफ संघटना) उघडून यूएएन वाटपाचा पर्याय निवडा, आधार क्रमांक आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर टाका, संमतीच्या चौकटीत खूण करा, ओटीपी भरा आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा धरा. जुळलं की क्रमांक एसएमएसने येतो आणि त्याच वेळी सुरूही होतो. मग तो क्रमांक मालकाला द्यायचा. उमंगमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा आहेत, ही आपल्या भागासाठी मोठी सोय. हिशेबनिसाच्या हाती काहीच राहत नाही, नाव चुकीचं टाइप होत नाही. या भागाला आम्ही पाचपैकी चार गुण देऊ.

एक गुण कुठं जातो? चेहरा न जुळण्यात. शॉपच्या अंधारात, पाठीमागून उजेड असताना, काळवंडलेल्या तोंडानं केलं तर हमखास नापास. हात-तोंड धुऊन सकाळच्या उजेडात, भिंतीला पाठ लावून करा. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांचं कारण वेगळं असतं: आधारमधला फोटो लहानपणीचा. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे, बुबुळं आणि फोटो पुन्हा द्यायचे असतात, ते राहून गेलेलं असतं. आधी पोस्टातल्या किंवा बँकेतल्या आधार केंद्रात ते करून घ्या, मगच उमंगकडे या. आणि ज्याचा जुना यूएएन आहे, दुसऱ्या कारखान्यातला का असेना, त्यानं नवा काढू नये. दोन क्रमांक झाले की पुढं पैसे एकत्र करताना डोकेदुखी होते.

नावाचा घोळ हा खास आपल्या सीमाभागाचा. शाळेचा दाखला मराठीत, त्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. आधार इकडं काढलेलं, त्यावर कन्नड आणि इंग्रजी, आडनाव कधी पुढं, कधी गायबच. बँक पासबुकात तिसरंच. परशराम, परशुराम, परसराम हे तिघे संगणकाला तीन माणसं वाटतात. पीएफ आणि ईएसआय दोन्ही आधारवर चालतात, म्हणून आधारवरचं नाव पक्कं धरा आणि पॅन व बँक खातं त्याच्याप्रमाणे दुरुस्त करा. उलट करायला गेलात तर जास्त हेलपाटे. आधारच चुकलेलं असेल तर ते नोंदणीच्या आधी दुरुस्त करा; नोंदणीनंतर बदललं की पीएफमध्ये पुन्हा दुरुस्तीचा अर्ज आला.

पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याला आणखी एक कारण आहे घाई करायला. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात नव्यानं लागलेल्याला एका महिन्याच्या पीएफ पगाराएवढी, कमाल १५,००० रुपयांची रक्कम मिळते. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी. मालकालाही माणसामागे महिन्याला ३,००० पर्यंत मिळू शकतात आणि उत्पादन करणाऱ्या कारखान्यांना ते चार वर्षं चालतात. टाळाटाळ करणाऱ्या मालकाला हे सांगून बघावं.

ईएसआयकडं वळू. वर्गणी हलकी आहे: कामगाराची पाऊण टक्का, मालकाची सव्वातीन. १६,००० पगाराला १२० आणि ५२०. नोंदणी मालकाच्या लॉगिनमधून होते, आधार घातलं की दहा आकडी विमा क्रमांक निघतो, ई-पहचान कार्ड छापायचं, त्यावर कुटुंबाचे फोटो. औषधोपचार स्वतःला आणि कुटुंबाला पहिल्या दिवसापासून. इथवर सेवा चांगली.

पण रोख लाभ बांधलेले आहेत वर्गणीच्या सहामाहीला. १ एप्रिल ते ३० सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ; १ ऑक्टोबर ते ३१ मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराचे ७० टक्के मिळतात, त्यासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी हवी. नवख्याची पहिली सहामाही अपुरी असली तर उपलब्ध दिवसांच्या निम्मे दिवस चालतात, पण लाभ सुरू होतो नोंद झालेल्या तारखेनंतर नऊ महिन्यांनी. ५ एप्रिलला लागलेल्याचं नाव तेव्हाच चढलं तर आजारपणाचे पैसे ५ जानेवारीपासून. तेच नाव ५ ऑक्टोबरला चढलं तर पुढच्या ५ जुलैपासून. मधल्या फेब्रुवारीत टायफॉइडनं दोन आठवडे पडला, तर ते दिवस बिनपगारी. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांसाठी आधीच्या दोन सहामाहींत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते. पॅकिंग आणि असेंब्लीत काम करणाऱ्या बायकांचं सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं. मालक नंतर थकबाकी आणि १२ टक्के व्याज भरतो, ते पैसे ईएसआय महामंडळाकडे जातात. पीएफसारखं तुमच्या खात्यात काही पडत नाही. मालकाच्या चुकीनं लाभ बुडाला तर तो कामगाराला देऊन मालकाकडून वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती मागून घ्यावी लागते आणि पुरावे कामगाराला जमवावे लागतात. उशिरा नोंदणीच्या बाबतीत ईएसआयला आम्ही पाचपैकी दोनच गुण देतो.

पगारवाढीचा एक बारकावा. २०,५०० वर एप्रिलमध्ये लागलेल्याचा पगार जूनमध्ये २१,५०० झाला, तरी आधी नोंद असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालू राहते आणि तिच्यावरचे लाभही. जुलैपर्यंत नाव चढलंच नसेल तर हिशेबनीस ‘आता बसत नाही’ म्हणतो. नेमणुकीची तारीख एप्रिलचीच लिहून घ्यायला लावा.

अपघाताची बाब वेगळी. कामावरच्या इजेला वर्गणीच्या दिवसांची अट नाही, तात्पुरत्या अपंगत्वात पगाराचे ९० टक्के मिळतात. फर्नेसजवळ पाय भाजला आणि नंतर धावपळ करून नोंदणी केली, तर कार्यालय हजेरीपट आणि पगाराची नोंद बारकाईनं तपासतं. हे योग्यच आहे, पण तोवर खर्च कामगाराच्या घरातून जातो. म्हणून पहिल्या दहा दिवसांतला विमा क्रमांक हा कामगारानं स्वतः मागून घ्यायचा कागद आहे.

चंदगडकडून येऊन इथं खोली करून राहणाऱ्यांसाठी: स्वतःचा दवाखाना बेळगावचा आणि घरच्यांचा गावाजवळचा, असे दोन वेगळे निवडता येतात, राज्य वेगळं असलं तरी. नोंदणीच्या वेळीच सांगा, नाहीतर सगळ्यांना बेळगावचाच लागतो.

शेवटी तपासणी. पीएफ खरंच भरला जातोय का हे नोंदलेल्या मोबाइलवरून ७७३८२९९८९९ या नंबरला एसएमएस करून कळतं. इंग्रजी अक्षरांत ईपीएफओएचओ, मग यूएएन हा शब्द आणि शेवटी एमएआर लिहिलंत तर उत्तर मराठीत येतं, केएएन लिहिलंत तर कन्नडमध्ये. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफचे अधिकारी जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर घेतात, तिथं समोरासमोर तक्रार देता येते. जाताना हजेरी कार्ड, गेट पास, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट आणि पगाराच्या चिठ्ठ्या घ्या. रोखीनं पगार मिळत असेल तर महिन्याच्या महिन्याला पगाराच्या रजिस्टरवर सही करताना त्या पानाचा फोटो काढा. कामाला लागल्याची तारीख दाखवणारा एकही कागद नसेल तर थकबाकी पहिल्या दिवसापासून धरायची की नाव चढल्या दिवसापासून, यावरच प्रकरण अडतं.