काकांची आरडी ३५० पुन्हा रस्त्यावर आणायची, का नवी ६५० घ्यायची?

सोलापुरात होटगी रोडवरच्या एका घराच्या पोर्चमध्ये अठरा वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली राजदूत ३५० मागच्या महिन्यात पाहिली. हिलाच सगळे आरडी म्हणतात. मित्राचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या काकांनी ती त्याच्या नावावर केली. त्याने मला विचारलं, "काका, हिच्यावर पैसे घालून डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, सगळं बसवून घेऊ? का हिला विकून रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० घेऊ?"

मी स्वतः चौदा वर्षं आरडी चालवली आहे, म्हणून आधी उत्तर देतो, कारणं नंतर. एकच गाडी ठेवायची असेल तर नवी घे. घरात दुसऱ्या गाडीला जागा असेल तर आरडी विकू नकोस, पण तिची ताकद वाढवायच्या फंदातही पडू नकोस.

ताकद तिच्याकडे मुळातच आहे. यामाहाच्या आरडी ३५०बीवरून एस्कॉर्ट्सने १९८३ साली ही गाडी भारतात आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. हाय टॉर्क मॉडेलची ताकद साडेतीस बीएचपी, नंतरच्या लो टॉर्कची २७. आजच्या रॉयल एनफिल्ड हंटर ३५०चं इंजिन ३४९ सीसीचं आहे, म्हणजे जवळजवळ तेवढंच, आणि ताकद वीसच्या आसपास. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक फेऱ्यात. म्हणून मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे काटा गेला की आरडी हातातून सुटल्यासारखी पळते. त्यावर बाजारातला एक्सपान्शन सायलेन्सर लावला की आवाज वाढतो, वरची ताकद थोडी वाढते आणि सात रस्त्याच्या गर्दीत चालवायला लागणारा खालचा दम जातो.

तिचं खरं दुखणं थांबण्यात आहे. जपानच्या आरडीला पुढे डिस्क होती, आपल्याकडे दोन्ही चाकांना ड्रमच आले. तुळजापूरहून परतताना घाटात मला ते कळलं. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक जवळपास नसतोच, त्यामुळे उताराचा सगळा भार ड्रमवर. तिसऱ्या वळणावर पुढचा लिव्हर नेहमीपेक्षा आत गेला, चौथ्या वळणावर हँडलला टेकला, आणि समोर उसाची ट्रॉली. मागचा ब्रेक दाबत, गिअर पाडत, रस्त्याच्या कडेच्या मुरुमात गाडी घातली तेव्हा कुठे ती थांबली. ड्रमला हात लावला तर चटका बसला; इतका तापलेला ड्रम पकड सोडतो. शिवाय उतारावर थ्रॉटल बंद असला की ऑइल पंपही तेल कमी सोडतो, कारण तो थ्रॉटलच्या वायरीशी जोडलेला असतो. म्हणून जुने लोक घाट उतरताना मधूनमधून मूठ पिळतात.

इंटरसेप्टर ६५० मध्ये ही चिंताच नाही. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, ४७ बीएचपी, दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस. सेल्फ मारला की चालू. पुण्यापर्यंतचे अडीचशे किलोमीटर भिगवणला एक चहा घेऊन आरामात होतात, पाठीमागे बसणारीचाही जीव टांगणीला लागत नाही. वजन मात्र दोनशे किलोंच्या वर, पेठेतल्या बोळात मागे ढकलताना ते जाणवतं. हलकी हवी असेल तर चाकणला तयार होणारी ३९० ड्यूक बघ, पण आरडीच्या मालकाला दोन सिलिंडरची सवय असते, एका सिलिंडरवर त्याचं मन बसत नाही असा माझा अनुभव. दरात एक गोष्ट धर: सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांना ४०.

आता पेट्रोल. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती, ते सांगायला नको. त्यांच्याच मळीचं, उसाच्या रसाचं इथेनॉल आता पंपावर वीस टक्के मिसळून येतं. नवी गाडी त्या हिशेबाने बनवलेली आहे. आरडीचे रबरी पाइप आणि गास्केट अशा पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाला ते साचतं आणि गंज धरतो. त्याहून वाईट म्हणजे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक तापून पिस्टन धरते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, हे त्यात मिळव. कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा घालणं, पाइप नवे टाकणं, आणि गाडी ठेवून जाताना टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणं, हे आता ऐच्छिक राहिलेलं नाही.

कागदांचं थोडक्यात. आरसी ऑनलाइन दिसते का आणि इंजिन-चेसिसचे नंबर जुळतात का, हे पैसे घालण्याआधी बघ. वीस वर्षांपुढच्या दुचाकीच्या रिपासिंगची फी ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) आणि डिस्क बसवताना हे कलम आडवं येऊ शकतं. विंटेज नोंदणी पन्नास वर्षांपुढच्या गाडीलाच मिळते आणि चेसिस किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. १९८३ची गाडी तिथे २०३३ मध्ये पोचेल. आज कापलेला फोर्क तेव्हा परत मिळणार नाही.

म्हणून माझी यादी छोटी आहे. ड्रम लेथवर समतल करून घे, नवे लायनर ड्रमला घासून बसव, केबल नवी टाक. पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे जुने भाग) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाल, कारण आरडीत दोन सिलिंडरचे पॉइंट वेगळे आणि एकाचं टायमिंग सरकलं की तोच पिस्टन मार खातो. काढलेले पॉइंट फडक्यात बांधून नाव लिहून ठेव. टायर आणि हेडलाइट बदल. बाकी सगळा पैसा इंजिन मूळच्या मापात आणण्यात जाऊ दे.

तो खर्च किती, हे क्रँकच्या दोन टोकांची ऑइल सीलं ठरवतात. इतकी वर्षं उभ्या गाडीत ती चिक्कीसारखी कडक होतात. उजवं गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढतं आणि धूर काढतं, निदान दिसतं तरी. डावं गेलं तर नुसती हवा ओढतं, धूर नाही, आवाज नाही, आणि वीस किलोमीटरवर पिस्टन धरतो. तेव्हा कुणी "दोन किका मारून चालू करून दाखवतो" म्हणालं तर त्याला हात लावू देऊ नकोस. या रविवारी दोन्ही प्लग काढ, भोकातून थोडं टू-टी ऑइल सोड, रात्रभर राहू दे. सोमवारी थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून हळू किक फिरव. फिरली तर दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून आकडे मला कळव. अडकली तर ताकद लावू नकोस, मी स्पॅनर घेऊन येतो.