मसाज गन: आठ महिने धंद्यात वापरल्यावर (मालिश करणारीचा अनुभव)

मसाज गन म्हणजे स्नायूंवर भरभर ठोके मारणारं हातात धरायचं मशीन, गेल्या दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण आतून सगळ्या साधारण सारख्याच, गोल, चपटं, निमुळतं आणि दोन दातांचं अशी डोकी आणि मिनिटाला १२०० ते ३२०० ठोके. मी ११ वर्षं मालिश करतेय, दिवसाला चार-पाच जण, अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं होतं, म्हटलं थोडं काम मशीन करेल.

करते की. मांड्या, कुल्ले, सकाळी टेकडीवर पळणाऱ्या मंडळींच्या पोटऱ्या, तिथे हात झिजवण्यात अर्थ नाही. अंगठा खरंच बराय आता.

पण एक गोष्ट मला कुठे वाचायला मिळाली नव्हती. पंधरा-वीस मिनिटं गन धरली की हाताला मुंग्या येतात आणि नंतर थोडा वेळ बोटांना नीट कळत नाही. घरी वापरणाऱ्याला काय फरक पडतो, माझं मात्र सगळं बोटांवरच चालतं. आई बाळ-बाळंतिणीची मालिश करायची, तेल लावायच्या आधी नुसता तळवा पाठीवर ठेवून थांबायची, मला लहानपणी वाटायचं मनात काहीतरी स्तोत्र म्हणतेय. ती बघत असायची, अंग कुठे गार, कुठे ताठ, श्वास कुठे अडकतोय. फऱ्याच्या हाडाच्या आतल्या कडेने अंगठा फिरवला की कधी वाटाण्याएवढी गाठ लागते, दाबली की माणूस श्वास रोखतो आणि तोंडाने 'छे, दुखत नाही' म्हणतो. गनच्या घरघरीत तो रोखलेला श्वास ऐकूच येत नाही.

मार्चमध्ये एक नेहमीचे काका मुलाकडून अमेरिकेहून आले, म्हणाले विमानात बसून बसून डाव्या पोटरीत गोळा आलाय, ती तुझी गन मार जोरात. मी लावणारच होते, सवयीने आधी हात ठेवला आणि नको वाटलं. का ते लगेच सांगता आलं नसतं. मग दुसऱ्या पोटरीवर हात ठेवून बघितला तर ही जास्त गरम आणि तुकतुकीत ताणलेली. शिवणाची टेप आणून मोजलं, ३ सेंमीहून जास्त फरक. काका वैतागले, पण तेल न लावताच त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती चोळून सुटली असती तर थेट फुप्फुसात जाऊ शकते.

आता लगेच हवेत जाऊ नये म्हणून दुसरं पण सांगते. एका ताईंचे खांदे दगडासारखे लागले, मला आतून वाटलं यांच्या मनात काहीतरी साठलंय, आणि मी ते शहाणपणाने बोलून पण दाखवलं. ताई म्हणाल्या, 'अगं काल स्कूटर बंद पडली, तीन किलोमीटर ढकलत आणली.' तेव्हापासून आतून 'थांब' आलं तर लगेच ऐकते, 'अजून दाब' आलं तर समोरच्याला विचारते, आणि लोकांच्या मनात काय चाललंय ते त्यांचं त्यांच्याकडे.

सध्या आधी हाताने पूर्ण मालिश आणि गन शेवटी पाच-सात मिनिटं, तीही सांगून. मानेच्या पुढच्या बाजूला, कण्याच्या हाडावर, गुडघ्यामागच्या खळग्यात कधीच नाही, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर गन बॅगेतच. नवीन गिऱ्हाईकाला गोळ्यांबद्दल आधीच विचारते, तिथे अंदाज कामाचा नाही.

बाकी तक्रारी नेहमीच्याच. बॅटरी खोक्यावर लिहिलंय त्याच्या निम्मी चालते, तेलकट हातातून मूठ सटकते म्हणून मी सायकलच्या हँडलची ग्रिप कापून चढवलीये. साडेतीन स्टार. सगळ्यात जास्त वापर नवऱ्याचा, क्रिकेट बघताना, त्याला विचाराल तर पाच देईल.